बसलेल्या बाईचं माप

दर्शनाबाईंनी नसीमाला माप घ्यायला घरी बोलावलं खरं, पण पहिली दहा मिनिटं टेप कुठून धरायची हेच नसीमाला कळेना.

बाई चाकांच्या खुर्चीत बसल्या होत्या. नसीमा दहावीला होती तेव्हा याच बाई तिला गणित शिकवायच्या. सगळ्या शाळेत त्यांच्याइतकं उंच कुणी नव्हतं. फळ्याच्या वरच्या कडेला त्या टाचा न उचलता लिहायच्या. दीड वर्षापूर्वी राजापूरहून येताना त्यांची गाडी उलटली आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं. नसीमाला ते ऐकून माहीत होतं, पण ऐकणं वेगळं आणि समोर टेप घेऊन उभं राहणं वेगळं.

"बघत काय राहिलीस?" बाई म्हणाल्या. "शाळा जूनच्या पंधरा तारखेला उघडते आहे आणि मी हजर होणार आहे. साडी नेसून बघितली, पदर चाकात गेला. ओढणीचं तेच झालं. घरात हे गाऊन घालते, पण गाऊन घालून मी वर्गात जाणार नाही. मला ड्रेस हवाय. बाई घरून निघून शाळेत आल्या असं वाटलं पाहिजे. दवाखान्यातून आल्या असं नको."

बाईंचे यजमान विनीतराव कोकम सरबताचे पेले घेऊन दारात उभे होते. "रेडिमेड सहा मागवले होते," ते म्हणाले, "सहाही परत गेले."

"म्हणून तर हिला बोलावलं," बाई म्हणाल्या.

राजिवड्यात नसीमाचं छोटं दुकान होतं. घराच्याच पुढच्या खोलीत दोन मशिनी, एक कापायचं टेबल आणि भिंतीवर खिळ्यांची रांग. प्रत्येक खिळ्याला खाकी कागदाचे कापलेले भाग दोऱ्यात ओवून टांगलेले, आणि वर गिऱ्हाइकाचं नाव. जुना ड्रेस उसवून त्यावरून नवा कापणारे टेलर गावात पुष्कळ होते. नसीमा त्यातली नव्हती. माणूस बघायचा, माप घ्यायचं, कागदावर त्याचा ड्राफ्ट काढायचा, कागद अंगाला लावून बघायचा आणि मग कापडाला कात्री लावायची. नवरा अयूब जहाजावर असायचा, वर्षातले आठ महिने घर ती एकटीनं बघायची, पण कागदाशिवाय कापड कापायचं नाही हा नियम तिनं घाईगर्दीतही मोडला नव्हता.

त्या दिवशी तिनं छाती, कंबर, खांदा, बाही अशी नेहमीची मापं घेतली. उंचीपाशी अडली, तेव्हा बाईंनीच जुन्या ड्रेसची उंची सांगितली. घरी जाऊन तिनं शिकल्याप्रमाणे ड्राफ्ट काढला, घेर थोडा वाढवला आणि चार दिवसांनी अंदाजासाठी स्वस्त मांजरपाटाचा कच्चा ड्रेस शिवून घेऊन गेली.

तो बाईंच्या अंगावर चढला आणि नसीमाची मान खाली गेली. पुढून गळा वर सरकून घशाला लागत होता. मागून पाठ उघडी पडत होती. चाकं ढकलायला हात पुढे केले की काखेत कापड ताणून कच्चे टाके तटतट तुटायचे. आणि पोटावर सगळं जादा कापड गोळा होऊन बसलं होतं.

बाईंनी तो फुगा वरून दाबून पाहिला. "यात अर्धा किलो सुकट सहज मावेल," त्या म्हणाल्या.

विनीतराव हसले. नसीमाला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती तडक महिपत टेलरांकडे गेली. पंधरा वर्षांपूर्वी तिनं कात्री धरली ती त्यांच्या हाताखाली. आता त्यांची नजर अधू झाली होती, तरी दुपारपर्यंत दुकानाच्या पायरीवर बसून ते येणाऱ्याजाणाऱ्याच्या शर्टांना नावं ठेवायचे.

"काय गो बाय," तिचं ऐकून घेऊन ते म्हणाले, "बसलेल्या माणसाचा माप कोण घेतो? माझ्या हातून एका कलेक्टराचा सूट गेला. तो पण माझ्यासमोर उभाच रवला. राजा असला तरी टेलरापुढं उभा रवतो."

"ज्याला उभं राहता येत नाही त्यानं काय करायचं मग?"

महिपतांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पुस्तकात तसला ड्राफ्ट नाय," ते म्हणाले. "माझ्या पुस्तकात नाय आणि माझ्या बापाच्या पण नव्हता. तूच काढ."

घरी येऊन नसीमानं दार लावून घेतलं, कपाटाच्या आरशासमोर प्लास्टिकची खुर्ची मांडली आणि स्वतः तीत बसली. आधी उभं राहून स्वतःची मापं लिहिली होती, आता बसून तीच घेतली. कंबर दोन इंचांनी वाढली, सीट, म्हणजे नितंबांचा घेर, तीन इंचांनी. मानेपासून खुर्चीपर्यंतची पाठ लांबली आणि पुढची बाजू आखूड झाली. हात पुढे घेऊन चाकं ढकलल्यासारखं केलं तर पाठीची रुंदी अडीच इंच जास्त भरली. ती कागदावर आकडे लिहीत गेली. रकाना भरला, पण त्या आकड्यांतून आकार उभा राहीना. पाठ जास्त आणि पोट कमी, मग गुडघ्यापाशी काय होतं? तिथं तर उलट होत होतं.

तो कागद घेऊनच ती बाईंकडे गेली.

बाईंनी चष्मा लावला. आकड्यांवरून बोट फिरवत खाली आल्या. मग तिच्याच खडूनं खाकी कागदावर एक रेघ उभी काढली, ती मोडून आडवी नेली आणि पुन्हा मोडून खाली आणली.

"ही मी," बाई म्हणाल्या. "पाठ, मांडी, पोटरी. तू मला सरळ रेषा धरून चालली आहेस. मी दोन काटकोनांत आहे."

नसीमा वाकून बघू लागली.

"आता सांग, कोन वळला की बाहेरची बाजू वाढते की आतली?"

"बाहेरची."

"कमरेपाशी बाहेरची बाजू कोणती?"

"मागची. सीटची."

"आणि गुडघ्यापाशी?"

नसीमानं बाईंच्या हातातून खडू घेतला आणि गुडघ्याच्या वळणावर पुढच्या बाजूला एक छोटी पाचर काढली. मग जांघेपाशी, पुढच्याच बाजूला, तेवढीच पाचर काढून तिच्यावर फुली मारली. इथलं कापड काढायचं, तिथं घालायचं. एकच पुढचा भाग, पण एका वळणावर मिटायचा आणि दुसऱ्यावर उघडायचा. मागच्या भागाचं बरोबर उलट.

"दहावीला भूमितीत किती होते गं तुला?" बाईंनी विचारलं.

"नापास झाले होते, बाई. ऑक्टोबरला सुटले. तुम्हीच रविवारचं बोलावून शिकवलंत."

"हं," बाई म्हणाल्या. "उशिरा का होईना."

पुढचा आठवडा नसीमानं दुसऱ्या कुणाचं काम हातात धरलं नाही. नव्या ड्राफ्टचे कागद तिनं पाच वेळा कापले. जांघेपाशी दोन तिरके टक्स घेऊन कापड आत मुडपलं तेव्हा पोटावरचा फुगा गेला. गुडघ्यावर कागद चिरून त्यात पाचर जोडली तेव्हा खालची कड सरळ आली. बसल्यावर ती घोट्याशी थांबायची, वर पळायची नाही. पाठीला खांद्याखाली योकची आडवी पट्टी देऊन दोन प्लेट्स ठेवल्या, म्हणजे हात पुढे गेले की त्या उघडतील. सगळं पुढून उघडणारं केलं, गळ्यापासून डाव्या गुडघ्यापर्यंत तिरकी बटणपट्टी. पलंगावर ड्रेस पसरायचा, बाईंनी त्यावर कुशीवरून वळायचं, दोन्ही बाजू पुढे घ्यायच्या आणि बटणं लावायची. डोक्यावरून ओढाताण नको. सीटला गोलाई यावी म्हणून मागच्या भागाला मधोमध शिवण दिली. ती गोलाई बघून ती स्वतःवरच खूश झाली होती.

हाही मांजरपाटाचाच होता, पण पक्क्या शिवणीचा. बाई तो घालून आरशासमोर आल्या. चाकं मागेपुढे केली. पाठीवरच्या प्लेट्स उघडल्या, मिटल्या.

"दुपारभर घालून बसते," त्या म्हणाल्या. "शाळेत काय तासभर बसायचंय?"

नसीमा घरी आली ती हवेत तरंगत. संध्याकाळी विनीतरावांचा फोन आला.

"तुमच्या त्या मधल्या शिवणीनं तिला वळ उठलाय," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, पण घट्ट होता. "दोन ठिकाणी, लालभडक. तिला तिथलं काही जाणवत नाही, नसीमा. रुतलं तरी कळत नाही. असा वळ चिघळला तर महिना महिना पालथं झोपून राहावं लागतं. मागे एकदा झालंय. शाळा राहू दे आणि ड्रेसही राहू दे. पुरे आता."

नसीमानं फोन ठेवला आणि टेबलावरची कात्री उगीचच इकडून तिकडे ठेवली. आपल्या हातच्या शिवणीनं कुणाला दुखापत झाली, असं आजवर घडलं नव्हतं. आणि झालेल्या दुखापतीची जाणीव त्या माणसालाच नव्हती, हे तर तिला सहनच होईना. आपण बाईंना सगळं विचारलं, हे तेवढं विचारलं नाही. का नाही विचारलं? बाईंच्या पायांकडे बघायला आपण लाजलो म्हणून. टेप कमरेपर्यंत नेली आणि पुढचं अंदाजानं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती न बोलावता बाईंच्या दारात उभी राहिली. विनीतरावांनी दार उघडलं, पण बाजूला झाले नाहीत.

"मी तुम्हाला फोनवर सांगितलं," ते म्हणाले.

"ऐकलं मी, सर. शिवण माझी होती. कशी बसली ते मला बघू द्या. नाहीतर मी पुन्हा तेच करीन."

"पुन्हा?"

आतून बाईंचा आवाज आला. "विनीत, तिला आत येऊ दे. अंग माझं आहे."

बाई पलंगावर कुशीवर होत्या. चेहऱ्यावर रात्रभर न झोपल्याची छाया होती. नसीमानं वळ पाहिला, बोट न लावता टेप जवळ धरून त्याची जागा मोजली आणि वहीत लिहिली. मग पायांपाशी आली. तिथं कपड्याखाली काहीतरी आहे हे तिला पहिल्या दिवसापासून दिसत होतं.

"बाई, उजव्या पोटरीला काय आहे?"

बाईंनी भिंतीकडे पाहिलं.

"दुसऱ्या ड्रेसचा खालचा घेर मी कमी केला, तेव्हा तुम्ही त्या बाजूला हात ठेवून बसलात. कापडावरून मला दिसत होतं. मी विचारलं नाही. आता विचारते."

"लघवीची पिशवी आहे," बाई म्हणाल्या. "नळीनं जोडलेली. तीन-चार तासांनी रिकामी करावी लागते. मला करता येते, हात पोचला तर."

"हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"तू माझी विद्यार्थिनी आहेस, नसीमा."

"तुम्ही माझा एकतीस मार्कांचा पेपर सगळ्या वर्गापुढं वाचून दाखवला होता," नसीमा म्हणाली. तिचा आवाज तिच्याही नकळत वाढला होता. "एकेक चूक. मी काही मेले नाही त्यानं. तुम्ही तुमची एक गोष्ट मला सांगितली असती तर आज हा वळ उठला नसता."

विनीतराव दारात आले होते. आपण फार बोललो, आता बाई जा म्हणणार, असं नसीमाला वाटलं.

"चादर काढ," बाई म्हणाल्या. "आणि नीट माप घे."

नसीमानं त्या दिवशी दोन तास माप घेतलं. पिशवी रिकामी असताना पोटरीचा घेर किती, भरल्यावर किती. नळी कुठून जाते. वजन कुठं पडतं, गादीवर कुठं टेकतं, घासतं कुठं. शेवटी विनीतराव स्वतःच खुर्चीतली गादी घेऊन आले आणि जिथं जास्त दबते तिथं बोटानं दाखवू लागले. त्यांना सगळं पाठ होतं. दीड वर्ष रोज सकाळ-संध्याकाळ आरसा धरून तेच बघत होते ते.

शाळा उघडायला तेरा दिवस उरले होते.

आता मागच्या भागाला एकही शिवण चालणार नव्हती. नसीमानं तो अख्खा एका तुकड्यात काढायचं ठरवलं. बाजूच्या शिवणी तीन तीन इंच पुढे ओढून मांडीवर आणल्या, म्हणजे अंगाखाली काही जाणार नाही. मधली शिवण गेली तशी सीटची गोलाईही गेली. ती कशी आणायची? टक्स नको, चुण्या नको, खाली एक सुरकुती नको. दोन दिवस ती अडून बसली. मग तिनं मागच्या भागाचा कागद कापडावर तिरका फिरवला आणि तो उरेप, म्हणजे विणीला तिरका, कापला. उरेप कापड आपलं आपण ताण घेतं, अंगाच्या आकारानं बसतं. कापड जास्त लागलं, पण पाठ शिवणीवाचून गोल झाली. उजवी शिवण गुडघ्याखाली उघडी ठेवली आणि आतून टिचबटणं लावली. बाहेरून साधी शिवण दिसे. खालचा घेर पिशवी भरली तरी रेघ उमटणार नाही इतका सैल ठेवला. शिवणीत आतल्या कापडाची माया नेहमीपेक्षा दुप्पट सोडली.

या खेपेला मांजरपाट नव्हता. बाईंनी निवडलेलं गर्द हिरवं सुती कापड होतं. चुकलं तर दुसरं आणायला वेळ नव्हता.

ड्रेस चढवल्यावर बाई खुर्चीत बसल्या ते दहा वाजता. एक वाजेपर्यंत बसायचं ठरलं होतं. त्यांनी जुन्या उत्तरपत्रिका काढून टेबलावर ठेवल्या आणि शाळेत बसल्यासारख्या तपासत राहिल्या. नसीमा बाहेरच्या खोलीत. विनीतरावांनी तिला सकाळचा पेपर वाचायला दिला, तो तिनं उलटा धरला होता हे दोघांनाही बऱ्याच वेळानं दिसलं. मध्ये एकदा बाई चाकं ढकलत न्हाणीघराकडे गेल्या आणि कुणालाही हाक न मारता परत आल्या. नसीमानं विनीतरावांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

एक वाजता विनीतराव आरसा घेऊन आत गेले. दार लागलं. नसीमा उभी राहिली, पुन्हा बसली.

दार उघडलं.

"काही नाही," ते म्हणाले. मग चष्मा काढून शर्टाला पुसत पुन्हा म्हणाले, "काही नाही, नसीमा. कुठंच काही नाही."

आतून बाईंनी हाक मारली. "कॉलर अर्धा इंच कमी कर. मान वळवताना लागते."

शाळा उघडली त्या दिवशी मुसळधार पाऊस होता. तू येऊ नकोस, मला कुणी बघायला आलेलं नको, असं बाईंनी बजावलं होतं, म्हणून नसीमा दुकानातच थांबली. मशिनीवर बसली, पण दोनदा बॉबिन उलटं घातलं. मधल्या सुट्टीत फोन वाजला.

"बोला, बाई."

"फळ्याच्या खालच्या अर्ध्यातच हात पोचतो," बाई सांगू लागल्या. पाठीमागे मुलांचा गलका ऐकू येत होता. "मागच्या बाकांवरच्यांना दिसेना. मी म्हटलं, मग पुढे येऊन बसा. जमिनीवर बसली सगळी. नववी ब आहे, भयंकर वात्रट वर्ग."

"आणि ड्रेस? कुणी काही म्हणालं?"

"कुणाचं लक्षसुद्धा गेलं नाही. समीकरणं घेतली मी."

नसीमाला क्षणभर वाईट वाटलं. महिना-दीड महिना जीव ओतला आणि कुणी बघितलंही नाही. मग ते वाईट वाटणं कुठल्या कुठे गेलं आणि तिला एकदम खूप मोकळं वाटलं.

"पण ऐक," बाई म्हणाल्या. "उजवी बाही चाकाला घासून काळी झाली. पावसात चाकं ओली असतात, त्यामुळे जास्तच. डावीलाही थोडं लागलंय."

"मनगटापासून किती?"

"थांब." बाई बहुतेक पट्टीनं मोजत असाव्यात. "साडेतीन इंच. आतल्या बाजूनं."

"आतल्या बाजूनंच?"

"हो. हात वळतो तेव्हा."

"मग पाऊण बाही करू, आणि वर सुटी कफ, धुवायला काढता येईल अशी. तुम्ही दोन्ही हातांनी सारखं ढकलता की उजव्यानं जास्त?"

"उजव्यानं," बाई म्हणाल्या, "आणि हे बघ, रोज एकच ड्रेस घालून जाणार नाही मी. अजून चार लागतील. एक निळा कर." तेवढ्यात घंटा झाली आणि फोन बंद झाला.

नसीमानं मशिनीवरचं काम बाजूला सारलं, टेबलावर नवा खाकी कागद पसरला आणि कोपऱ्यांवर वजनं ठेवली. उजवी आणि डावी बाही यापुढे एकाच कागदावरून कापता येणार नव्हती. तिनं वर बाईंचं नाव लिहिलं, खाली 'उजवी' असं लिहिलं आणि पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.